नाव बदलायला नकार देणारे तीन भाऊ

पंक संगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक १९७६ पासून सुरुवात करतात. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या रमोन्सची पहिली रेकॉर्ड, नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सेक्स पिस्टल्सचं पहिलं गाणं. लेखक जरा अभ्यासू असेल तर आणखी मागे जातो. मग डेट्रॉईटचे एमसी५ येतात, जवळच्याच अ‍ॅन आर्बरचे स्टूजेस येतात, चेहऱ्याला रंग फासून आणि उंच टाचांचे बूट घालून गाणारे ग्लॅम रॉकवाले येतात, त्यातले न्यूयॉर्क डॉल्स येतात. झाली वंशावळ तयार. या वंशावळीत एकही काळा चेहरा नसतो. फार तर पुढे एखाद्या परिच्छेदात वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्सचा अपवाद म्हणून उल्लेख.

वंशावळ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. वंशावळी कोण लिहितं, कोणाच्या सोयीने लिहितं आणि कोणाला त्यातून गाळतं, हे आपल्याला नव्याने शिकवायची गरज नाही.

१९७५ साली डेट्रॉईटमधल्या तीन सख्ख्या काळ्या भावांनी सात गाणी ध्वनिमुद्रित केली. वेगवान, कर्कश, अंगावर येणारी. सातही मिळून अर्धा तास भरत नाहीत. रमोन्सची रेकॉर्ड तेव्हा अजून निघायची होती. बँडचं नाव होतं 'डेथ', म्हणजे मृत्यू. ती सातही गाणी एकत्र जगासमोर आली २००९ साली. मधली चौतीस वर्षं मूळ टेप घरात पडून होत्या.

आंबेडकरी वाचकासमोर हा विषय कशाला, असा प्रश्न काहींना पडेल. अमेरिकेतल्या काळ्या जनतेशी आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं गेलं. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांनी काळ्यांचं साहित्य मराठीत समजावून सांगितलं. पण आपण त्यांचा लढा वाचला तो भाषणांतून, आत्मचरित्रांतून, कवितांतून. गाण्याच्या धंद्यात भिंती कशा बांधल्या जातात, तिथे कोणाला कोणत्या खोलीत बसवलं जातं, याकडे आपलं लक्ष कमी गेलं. आणि ही भिंत आपल्या ओळखीची आहे.

अमेरिकेत गाण्यांची लोकप्रियता मोजणारं 'बिलबोर्ड' नावाचं नियतकालिक आहे. १९४९ पर्यंत या नियतकालिकात काळ्या कलावंतांच्या रेकॉर्डची यादी वेगळी छापली जायची आणि तिचं नाव होतं 'रेस रेकॉर्ड्स'. वंशाच्या रेकॉर्ड! त्या वर्षी नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं. पाटी बदलली, यादी वेगळीच राहिली. ज्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीचं नाव बदललेलं आठवतंय आणि वस्ती जागेवरच राहिलेली आठवतेय, त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. काळ्या गायकाचं गाणं गाजायला लागलं की एखादा गोरा गायक तेच गाणं गाऊन मुख्य यादीत वर जायचा. लिटल रिचर्डचं 'टूटी फ्रूटी' १९५५ चं. पॅट बून नावाच्या सोज्वळ गोऱ्या गायकाने ते गायलं आणि मुख्य यादीत बूनचं गाणं रिचर्डच्या पुढे गेलं.

लिटल रिचर्डपाशी जरा थांबायला हवं, कारण ग्लॅम रॉकची गोष्ट खरं तर तिथे सुरू होते. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावचा हा काळा पोरगा. तरुणपणी तंबूतल्या फिरत्या खेळांत बायकी वेश करून काम केलेला. बिली राइट नावाच्या काळ्या गायकाकडून मेकअप शिकलेला. डोळ्यांत काजळ, डोक्यावर फुगवलेल्या केसांचा मनोरा, पियानोवर पाय टाकून किंचाळणं. हे सगळं १९५५-५६ मध्ये, तेही वर्णद्वेषी दक्षिणेतून आलेल्या माणसाने. पुढे १९७२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड बोवी आणि मार्क बोलन यांनी पुरुषाने रंगरंगोटी करून रॉक गाण्याची लाट आणली आणि तिला ग्लॅम म्हटलं गेलं. लिटल रिचर्ड आपला आदर्श होता हे बोवीने स्वतः उघडपणे सांगितलंय, त्याचा प्रामाणिकपणा मान्य. न्यूयॉर्क डॉल्सच्या १९७३ च्या पहिल्या रेकॉर्डवर बो डिडली या काळ्या गायकाचं गाजवलेलं गाणं आहे. डॉल्सचं काम शेवटी शेवटी माल्कम मॅक्लॅरन बघत होता, आणि तोच लंडनला परतून सेक्स पिस्टल्सचा व्यवस्थापक झाला. ग्लॅमपासून पंकपर्यंतचा हा धागा सगळे लेखक सांगतात. धाग्याचं पहिलं टोक मात्र बोवीपाशी बांधतात.

आता डेट्रॉईट. मोटारींचं शहर. दक्षिणेतल्या शेतांवरून पळून आलेली लाखो काळी कुटुंबं इथल्या कारखान्यांच्या आसपास वसली. १९६७ च्या जुलैमध्ये पोलिसांच्या एका धाडीवरून शहर पेटलं, पाच दिवसांत ४३ माणसं मेली, त्यातली बहुसंख्य काळी. त्यानंतर गोरे मोठ्या संख्येने उपनगरांत निघून गेले. काळ्या मालकीची मोटाऊन ही प्रचंड यशस्वी रेकॉर्ड कंपनी याच शहरात १९५९ ला जन्मली आणि १९७२ ला लॉस एंजेलिसला निघून गेली. १९७४ च्या जानेवारीत कोलमन यंग या शहराचा पहिला काळा महापौर झाला. सत्ता हातात आली तोवर शहरातला पैसा बाहेर गेला होता.

याच शहराच्या पूर्व भागात डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी हे हॅकनी बंधू वाढले. १९६४ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर बीटल्सचा कार्यक्रम लागणार होता, तेव्हा वडिलांनी पोरांना मुद्दाम समोर बसवून तो दाखवला. गोऱ्यांचं संगीत म्हणून टीव्ही बंद केला नाही. एवढीशी गोष्ट, पण पुढच्या सगळ्याची मुळं त्यात आहेत.

डेव्हिड थोरला, गिटार वाजवणारा, आणि बँडचा मेंदू. डॅनिस ड्रमवर. धाकटा बॉबी बेस गिटार वाजवायचा आणि गायचा. १९७१ मध्ये त्यांनी 'रॉक फायर फंक एक्स्प्रेस' नावाने बँड काढला आणि काळ्या वस्तीत अपेक्षित असलेलं फंक संगीत वाजवायला लागले. मग डेव्हिडने द हू या इंग्रज बँडचा कार्यक्रम पाहिला, अ‍ॅलिस कूपरचा धिंगाणाही भावांनी पाहिला, आणि ठरलं की आता रॉक वाजवायचा. अ‍ॅलिस कूपर म्हणजे बाईचं नाव घेतलेला, डोळ्यांभोवती काळा रंग फासलेला, स्टेजवर स्वतःला खोट्या फासावर लटकवणारा गोरा पुरुष. अमेरिकन ग्लॅमचा सगळ्यात भडक चेहरा, जन्माने डेट्रॉईटचाच. त्याची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात सराव सुरू झाला. आईची परवानगी होती, शेजाऱ्यांची नव्हती. काळ्या वस्तीतल्या काळ्या लोकांनाच हे आवडेना. तक्रार फक्त आवाजाची नव्हती. हे गोऱ्यांचं वाजवणं तुम्ही कशाला वाजवता, सोल वाजवा, नाचता येईल असं काही वाजवा, असं त्यांना सुनावलं जायचं.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. रॉक अँड रोल ज्यांनी घडवलं त्या लिटल रिचर्ड, चक बेरी, बो डिडली यांच्याच लोकांना वीस वर्षांत पटवून देण्यात आलं की हे तुमचं नाही. कसं पटवलं? कोणी फर्मान काढलं नाही. रेडिओ स्टेशनं वाटली गेली. काळ्यांच्या स्टेशनवर सोल आणि फंक, गोऱ्यांच्या स्टेशनवर रॉक. दुकानात कप्पे वेगळे. रेकॉर्ड कंपन्यांत विभाग वेगळे, बजेट वेगळं. कोणी गिटार जोरात वाजवतो म्हणून तो रॉकच्या कप्प्यात जात नव्हता, तो कोणत्या रंगाचा आहे ते पाहून कप्पा ठरत होता. कामाची वाटणी वेगळी आणि माणसांचीच वाटणी करून ती जन्माला चिकटवणं वेगळं, हा फरक बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातीबद्दल लिहिताना मांडला होता. संगीताच्या बाजाराला तो जसाच्या तसा लागू पडतो. आणि अशी वाटणी एकदा पक्की झाली की पहारा द्यायला वरच्यांची गरज उरत नाही. खालचेच एकमेकांवर लक्ष ठेवतात.

यावर कोणी जिमी हेंड्रिक्सचं नाव पुढे करेल. तो काळा होता, रॉकचा सर्वांत मोठा गिटारवादक ठरला. बरोबर. पण अमेरिकेत वर्षानुवर्षं तो दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवत होता, त्यात लिटल रिचर्डचा बँडही आला. स्वतःच्या नावाने उभं राहायला त्याला १९६६ मध्ये लंडन गाठावं लागलं. आणि डेट्रॉईटमध्येच फंकाडेलिकसारखा काळा बँड रॉक वाजवत होता, हेही खरं. प्रतिभा कमी होती असं कोणीच म्हणत नाहीये. दार किती अरुंद होतं तेवढं मोजतोय.

मध्येच वडील गेले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसाने घेतलेला जीव. डेव्हिड त्यातून वेगळाच विचार घेऊन बाहेर आला. मृत्यूला भिण्यात अर्थ नाही, तो जन्माइतकाच स्वाभाविक, त्याच्याकडे सकारात्मक नजरेने बघायचं, आणि म्हणून बँडचं नाव डेथ. त्याने चिन्हही तयार केलं: त्रिकोणात तीन वर्तुळं, मन, शरीर आणि आत्म्यासाठी, आणि त्यांना वाट दाखवणारं चौथं, ईश्वराचं. आपल्यातल्या अनीश्वरवादी मंडळींना हे रुचणार नाही. मलाही रुचत नाही. पण पोरकं झालेलं एक पोरगं बापाच्या मरणाला आपल्या पद्धतीने अर्थ देत होतं, एवढं समजून घ्यायला ईश्वर मानावा लागत नाही.

पोरांना संधी मिळाली ती डॉन डेव्हिस या काळ्या निर्मात्याच्या ग्रूव्ह्सव्हिल कंपनीत. सोल संगीतातला हा मोठा माणूस. १९७५ मध्ये त्याच्या युनायटेड साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. बारा गाण्यांचा बेत होता, झाली सात. 'पॉलिटिशियन्स इन माय आइज' हे त्यातलं सर्वांत ताकदीचं. सत्तेसाठी नाटकं करणाऱ्या आणि तरुण पोरांना मरायला पाठवणाऱ्या पुढाऱ्यांवरचं गाणं. व्हिएतनाम युद्ध नुकतंच संपत होतं, निक्सन जाऊन वर्षही झालं नव्हतं. गाणं लांबीने बाकीच्या बहुतेकांपेक्षा मोठं आहे, पण धावतं. बॉबीचा आवाज जवळजवळ शब्द थुंकल्यासारखा येतो. पुढे पंकची ओळख म्हणून जे काही सांगितलं गेलं, तो वेग, तो राग, सफाईबद्दलची बेफिकिरी, ते सगळं इथे आहे.

ही गाणी न्यूयॉर्कच्या बड्या कंपन्यांना ऐकवली गेली. नकार आले. एका माणसाने रस दाखवला. क्लाइव्ह डेव्हिस, अमेरिकन संगीत उद्योगातल्या सर्वांत वजनदार लोकांपैकी एक. (डॉन डेव्हिसशी त्याचं नातं नाही, आडनाव सारखं.) हॅकनी कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे त्याने अट घातली: गाणी चांगली आहेत, नाव बदला. डेथ हे नाव विकलं जाणार नाही.

डेव्हिड नाही म्हणाला.

बाकीचे दोघे विचारात पडले होते हे बॉबी आणि डॅनिसने नंतर मोकळेपणाने सांगितलं. विशीच्या आतबाहेरची पोरं, घरी बाप नाही, समोर पैसा. नाव तर बदलायचंय, गाणी तीच राहणार. पण डेव्हिडचं म्हणणं असं की आज नाव दिलं की उद्या बाकीचंही द्यावं लागेल. धाकट्यांनी थोरल्याचं ऐकलं. करार झाला नाही.

हा हट्ट होता, मूर्खपणा होता, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. बाजाराचं शहाणपण सांगतात की कोणत्याही बँडचं नाव डेथ असतं तर कंपनी बिचकलीच असती, यात रंगाचा काय संबंध. मग रेकॉर्ड बघू. 'ग्रेटफुल डेड' हा गोऱ्यांचा बँड साठच्या दशकात वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीकडे होता, नावात 'मेलेले' आहेत. 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली रेकॉर्ड १९७० ची. अ‍ॅलिस कूपरने १९७१ या एकाच वर्षात दोन रेकॉर्ड काढल्या, एकीचं नाव 'लव्ह इट टू डेथ', दुसरीचं 'किलर'. गाजल्या. क्लीव्हलंडच्या गोऱ्या पोरांनी बँडचं नाव 'डेड बॉइज' ठेवलं आणि १९७७ मध्ये सायर कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढली. गोऱ्याने मरणाचं नाव घेतलं की ते नाटक, मौज, धाडस. तीन काळ्या पोरांनी, तेही १९६७ च्या जाळपोळीच्या शहरातून, तेच नाव घेतलं की माल विकत नाही. क्लाइव्ह डेव्हिसच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, आणि सांगायची गरजही नाही. भेदभाव चालायला माणसाच्या मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. 'गिऱ्हाईक घेणार नाही' एवढं वाक्य पुरतं. भाड्याने खोली देताना घरमालक हेच वाक्य शेजाऱ्यांच्या नावाने बोलतो.

नाव बदला म्हणजे आत घेतो, ही अट आपण किती ठिकाणी ऐकली! आडनाव सांगू नकोस, जिल्ह्याचं नाव सांग. कार्यक्रमाचं नाव जरा 'सर्वसमावेशक' ठेवा. सोळा वर्षांचं नामांतराचं आंदोलन एका विद्यापीठाच्या पाटीसाठी झालं असं ज्यांना वाटतं, त्यांना डेव्हिड हॅकनीही कळणार नाही.

१९७६ मध्ये भावांनी स्वतःचं लेबल काढलं, नाव 'ट्रायँगल'. 'पॉलिटिशियन्स इन माय आइज' एका बाजूला, 'कीप ऑन नॉकिंग' दुसऱ्या बाजूला, अशा ५०० प्रती छापल्या. रेडिओवाल्यांना वाटल्या. जवळपास कोणी वाजवल्या नाहीत. त्याच वर्षी रमोन्स आले, मग लंडन पेटलं, आणि जे वाजवल्याबद्दल डेट्रॉईटमध्ये शेजाऱ्यांनी शिव्या घातल्या होत्या ते जगभरातल्या मासिकांच्या मुखपृष्ठावर गेलं. १९७७ मध्ये, म्हणजे पंकचा सर्वांत गाजावाजा झाला त्याच वर्षी, डेथ बँड संपला.

भाऊ व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला गेले. तिथे 'द फोर्थ मूव्हमेंट' नावाने ख्रिस्ती भक्तीची रॉक गाणी केली, ऐंशीच्या सुरुवातीला दोन रेकॉर्ड निघाल्या. १९८२ मध्ये डेव्हिड डेट्रॉईटला परतला, धाकटे दोघे तिथेच राहिले आणि 'लॅम्ब्सब्रेड' नावाचा रेगे बँड चालवू लागले. लग्नं झाली, पोरं झाली. डेव्हिडचं काही धड झालं नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाने २००० मध्ये तो गेला. त्याआधी त्याने मूळ टेप बॉबीच्या हवाली केल्या होत्या आणि बजावलं होतं की जपून ठेव, एक दिवस जग या शोधत येईल. बॉबीने त्या माळ्यावर ठेवल्या. आपल्या मुलांना त्याने या बँडबद्दल कधी सांगितलंच नव्हतं.

पुढे ५०० पैकी वाचलेल्या काही प्रती जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या लोकांच्या हातात पडल्या. कोणीतरी गाणं इंटरनेटवर चढवलं. बॉबीच्या एका मुलाने कॅलिफोर्नियात एका पार्टीत ते ऐकलं आणि गाणाऱ्याचा आवाज त्याला ओळखीचा वाटला. आपल्या बापाचा! २००८ मध्ये बॉबीच्या मुलांनी 'रफ फ्रान्सिस' नावाचा बँड काढून चुलत्याची आणि बापाची गाणी वाजवायला सुरुवात केली. रफ फ्रान्सिस हे डेव्हिडचं टोपणनाव होतं. २००९ मध्ये ड्रॅग सिटी कंपनीने ती सात गाणी 'फॉर द होल वर्ल्ड टू सी' नावाने काढली, न्यूयॉर्क टाइम्सने मोठा लेख छापला, २०१२ मध्ये 'अ बँड कॉल्ड डेथ' हा माहितीपट आला. बॉबी आणि डॅनिस पुन्हा डेथ म्हणून उभे राहिले, गिटारवर बॉबी डंकन नावाचा जुना सहकारी.

छान शेवट वाटतो. मला त्यात एक गोष्ट टोचते. डेथला शोधून काढलं ते दुर्मीळ वस्तू जमवणाऱ्यांच्या बाजाराने. ज्या रेकॉर्डला १९७६ मध्ये कोणी फुकट हात लावला नाही, तिच्यासाठी लोक शेकडो डॉलर मोजायला लागले, आणि किंमत आल्यावर इतिहास आला. संग्राहकांचे उपकार नाकारायचे नाहीत, त्यांनी ऐकलं नसतं तर हा लेखही झाला नसता. पण दुर्मीळ का झाली याचं उत्तर त्या किमतीत नसतं. आणि ज्यांनी एकही प्रत छापली नाही, ज्यांच्या टेप पावसात भिजून गेल्या, अशा बँडना हा बाजार कधीच शोधू शकणार नाही.

डेथ एकटा नव्हता हे तर नक्की. फिलाडेल्फियात १९७४ मध्ये चार काळ्या पोरांनी 'प्युअर हेल' हा बँड काढला. डेथवाले साध्या कपड्यांतले, हे मात्र थेट ग्लॅमच्या थाटातले, बोवी आणि अ‍ॅलिस कूपर ऐकून वाढलेले. काळ्या मोहल्ल्यात अशा वेशात रस्त्यावरून चालायला जी हिंमत लागते तिची कल्पना करा. ते न्यूयॉर्कला आले, डॉल्सच्या जॉनी थंडर्सच्या गोतावळ्यात वावरले, १९७८ मध्ये इंग्लंडपर्यंत पोचले, तिथे नॅन्सी सिनात्राच्या गाजलेल्या गाण्याचं पंक रूप रेकॉर्ड म्हणून निघालं. पूर्ण अल्बमही तेव्हाच ध्वनिमुद्रित झाला होता. तो बाहेर आला २००६ मध्ये. पुन्हा तीच कथा, अठ्ठावीस वर्षं.

आता एक इशारा आपल्याच लोकांसाठी. अशी गोष्ट हातात आली की आपल्याकडे लगेच संदेश फिरायला लागतात: पंक काळ्यांनीच शोधलं, गोऱ्यांनी चोरलं. असं लिहू नका. स्टूजेस आणि एमसी५ यांच्या रेकॉर्ड १९६९ च्या आहेत, रमोन्स १९७४ पासून वाजवत होते, त्यांनी डेथचं एक गाणंही ऐकलेलं नव्हतं. ऐकलंच नाही ते चोरणार कसं? 'पहिला कोण' हा खेळ खेळायला गेलो तर एक तारीख चुकली की सगळा मुद्दा समोरचा उडवून लावतो. खोट्या इतिहासाला उत्तर म्हणून आणखी एक खोटा इतिहास लिहायची आपल्याला गरज नाही, फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी पुराव्याची सवय लावली आहे. आपला मुद्दा वेगळा आणि जास्त पक्का आहे. एकाच शहरात, एकाच काळात, तोच संताप तेच सूर घेऊन येत होता. गोऱ्या पोरांना त्यासाठी कंपनी, मासिक, रेडिओ, आणि पुढे इतिहासकार मिळाले. हॅकनी बंधूंना माळा मिळाला.

आणि दुसरी गोष्ट त्या शेजाऱ्यांची. आपल्या वस्तीतलं पोरगं आज रॅप करतं तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, शाहिरी करतं तेव्हा डोक्यावर घेतो, ते योग्यच. पण तेच पोरगं इलेक्ट्रिक गिटार घेऊन काही भलतंच वाजवायला लागलं की 'हे आपलं नाही, हे इंग्रजी शाळेतल्या पोरांचं' म्हणणारे आपल्यातच निघतात. वामनदादांनी आणि त्यांच्याआधी भीमराव कर्डकांच्या जलशाने जी वाट पाडली ती जोपासायचीच, पण प्रत्येक पोराला त्याच वाटेवर उभं करणं म्हणजे बाहेरच्यांनी आखलेला कप्पा आपण आतून कडी लावून बंद करणं. आंबेडकरी गाणं कोणत्या वाद्यावर वाजेल हे अगोदर ठरवायचा अधिकार ना सभागृहाच्या व्यवस्थापकाला आहे ना जयंतीच्या समितीला.

माळ्याचं म्हणाल तर आपलेही माळे भरलेले आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात भीमगीतांच्या कॅसेट घरोघरी होत्या. कित्येक गायक फक्त जयंतीच्या मंचावर गायले आणि कोणीतरी टेपरेकॉर्डर चालू ठेवला म्हणून तेवढे उरले. चुंबकीय टेपला ओल आणि उष्णता सोसत नाही, बुरशी धरते, एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. हॅकनींच्या टेप व्हरमाँटच्या थंड हवेत टिकल्या. मराठवाड्याच्या पत्र्याच्या घरात चौतीस वर्षं टिकणार नाहीत. ज्याच्या घरी अशी कॅसेट असेल त्याने ती या उन्हाळ्याआधी संगणकावर उतरवून घ्यावी, वर गायकाचं नाव, गाव आणि साल लिहावं, आणि एक प्रत गायकाच्या घरी नेऊन द्यावी. नाव त्याने सांगितलं तसंच लिहावं.